अभ्यास गावाचा, प्रश्न कोणाचा?

१९५८ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या दोन डॉक्टरांचा छोटासा लेख छापून आला. मध्य भारतातल्या लोकांमध्ये सिकलसेल हा रक्तातला आनुवंशिक दोष आढळतो, असे त्यांनी दाखवून दिले होते. देशात हा दोष पहिल्यांदा सापडला तो १९५२ मध्ये, निलगिरीतल्या आदिवासींत. म्हणजे नागपूरची ही नोंद अगदी पहिल्या काही नोंदींपैकी. ग्रंथालयांत ती पोचली, वस्त्यांत पोचली नाही. पुढची कित्येक वर्षे नागपूरच्या घराघरांत लेकरे सांध्यांच्या कळांनी रात्र-रात्र तळमळत राहिली, त्यांचे डोळे पिवळे पडत राहिले, आणि कोणी त्यांना काविळीचे औषध दिले, तर कोणी वाताचे. आजाराचे नाव विज्ञानाला ठाऊक होते, आईला नव्हते.

लोकांच्या संघटना आणि विद्यापीठांतले संशोधक यांनी मिळून काम कसे करावे, याचा विदर्भापुरता आढावा घ्यायचा तर सुरुवात याच अंतरापासून करावी लागते. गेल्या चार दशकांत या भागात असे बरेच प्रयोग झाले. काही देशाला दिशा देणारे ठरले, काहींचे अहवाल कपाटात पडून आहेत. ते सारे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रश्न लोकांच्या तोंडून आला आणि उत्तर सर्वांत आधी त्यांच्याच पुढे मांडले गेले, तिथे काम टिकले. प्रश्न बाहेरून आला तिथे माहिती गोळा झाली आणि निघून गेली.

सिकलसेलची कोंडी फुटली ती रुग्णांच्या घरांतून. स्वतःच्या घरात हा आजार पाहिलेल्या संपत रामटेके यांनी नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, पालकांना एकत्र आणले, तपासणी आणि औषधासाठी सरकारदरबारी खेटे घातले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरीकडे, नागपूरकर ज्याला नुसते 'मेडिकल' म्हणतात त्या शासकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असा समज वैद्यकात रूढ होता. नागपूरच्या मुलांनी तो खोटा ठरवला. इथे आजार तीव्र रूपातही दिसत होता. मग प्रश्न आला औषधाचा. हायड्रॉक्सियुरिया वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, इतक्या कमी मात्रेत दिले तर कळांचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी येते का? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीने 'येते' असे उत्तर दिले. मात्रा कमी म्हणजे खर्च कमी आणि रक्ततपासणीचे हेलपाटेही कमी. मजुरी बुडवून खेड्यातून येणाऱ्या बापाच्या दृष्टीने या उत्तराला मोल होते. पालकांच्या संघटनांनी लावून धरलेली आणखी एक मागणी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झाली. त्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलही आहे. प्रयोगशाळेतली आकडेवारी आणि रस्त्यावरचा रेटा एकाच शहरात असले की काय होते, ते इथे दिसते.

गडचिरोलीच्या 'सर्च'ची गोष्ट महाराष्ट्राला चांगली माहीत आहे, तरी ती टाळता येत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग नागपूरच्या मेडिकलचे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून त्यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ही संस्था सुरू केली. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी होती. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. कुटुंबनियोजन आणि बाळंतपण यापलीकडे खेड्यातल्या बाईच्या शरीराकडे कोणी पाहतच नव्हते, हे या आकड्यांनी जगापुढे ठेवले.

याच संस्थेचे एक साधन मला सगळ्या अहवालांपेक्षा बोलके वाटते. लहान मुलाला न्यूमोनिया आहे की नाही हे मिनिटाला किती श्वास पडतात त्यावरून ठरते. गावातल्या दाया आपल्या कामात तरबेज होत्या, पण साठापर्यंत मोजण्याची सवय अनेकींना नव्हती. मग मण्यांची एक पाटी तयार झाली, सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी पाच हिरवे मणी आणि सहावा लाल, मोठ्या मुलासाठी चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया. संशोधकाने दाईला आपली गणिताची भाषा शिकवण्याचा हट्ट धरला नाही, मोजणीच दाईच्या हाताला बसेल अशी केली. पुढे नवजात बाळांच्या घरोघरच्या काळजीचा प्रयोग ३९ गावांत झाला आणि तुलनेला ४७ गावे होती. गावातल्याच प्रशिक्षित बाया, म्हणजे आरोग्यदूत, बाळाचे वजन करत, श्वास मोजत, गरज पडल्यास इंजेक्शन देत. १९९९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे हे काम आहे.

अशा प्रयोगाबाबत एक प्रश्न मात्र गावकऱ्यांनी विचारायलाच हवा: तुलनेच्या ४७ गावांना काय मिळाले? तिथे नेहमीच्या शासकीय सेवा सुरू होत्या, आणि तुलना केल्याशिवाय सरकारला पटत नाही, हेही खरे. तरी 'तुमच्या गावात आम्ही काही करणार नाही, फक्त मोजणार' हे त्या गावाला आधी सांगितले का, आणि उपाय लागू पडला तर तो त्यांना केव्हा मिळणार, याचे उत्तर प्रयोग सुरू होण्यापूर्वी लेखी असावे. संघटना भागीदार असेल तर हे वदवून घेण्याची जबाबदारी तिची.

'सर्च' ही शेवटी डॉक्टरांनी उभी केलेली संस्था. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात गोष्ट उलट्या बाजूने घडली. तिथे आधी गाव होते, अभ्यासक मागून आले. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध उठलेल्या 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनाने गोंड गावांना जागे केले. त्याच सुमारास चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल सर्वसहमतीने कारभार करणाऱ्या गावाच्या शोधात होते. ते मेंढ्याला आले, देवाजी तोफांसारख्या गावकऱ्यांशी बोलणे झाले आणि गावात 'अभ्यास गट' सुरू झाले. निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी आणि अभ्यास करणारा गट वेगळा. गटात बाहेरचा जाणकार बसेल, माहिती देईल, वाद घालेल, पण निर्णयात त्याला मत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सगळ्यांची सहमती झाल्यावर. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा जगजाहीर झाली. त्या घोषणेमागे अशा कंटाळवाण्या वाटाव्यात इतक्या लांब बैठकी आहेत, याकडे कमी लोकांचे लक्ष जाते.

आग्या मोहोळाचे उदाहरण घ्या. पूर्वी मशाली लावून, माशा जाळून, अख्खे पोळे पाडून मध काढत. वर्ध्याचे मधमाशी-अभ्यासक डॉ. गोपाळ पालीवाल यांच्यासोबत बसून ही पद्धत बदलण्याचा अभ्यास झाला. अंगभर पोशाख घालायचा आणि पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, अंडी-पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. मग तेच पोळे पुन्हा भरते. कीटकशास्त्रज्ञाला माशीचे जीवनचक्र माहीत होते, गावकऱ्याला कोणत्या झाडावर कोणत्या महिन्यात मोहोळ बसते ते माहीत होते. दोघांपैकी एकाच्याने हे झाले नसते.

पुढे पुण्याच्या 'कल्पवृक्ष' संस्थेने मेंढ्याच्या स्वशासनाचा अभ्यास केला, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ इथल्या प्रयोगाशी जोडले गेले, मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' लिहिली. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गडचिरोलीतल्या हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. हक्क मिळाला की लगेच अभ्यासाची गरज उभी राहते. जंगलात बांबूची किती रांझी आहेत, दरवर्षी किती तोड केली तर रान टिकेल, मोहाची झाडे म्हातारी होत चालली का, वणव्याने नवी रोपे किती मेली, हे मोजल्याशिवाय व्यवस्थापन आराखडा होत नाही. आता मागणी ग्रामसभेची आहे आणि विद्यापीठाने पुरवठा करायचा आहे. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय शोधत फिरण्याची गरजच पडू नये, इतके प्रश्न त्याच्या दाराशी उभे आहेत.

पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांचे कामही याच जातीचे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत. बहुतेक गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले. त्यांत मासे धरणारे ढिवर. मत्स्यविभागाने रोहू, कटला, मृगळाची बोटुकली सोडली, किनाऱ्यावर बेशरम ही आगंतुक वनस्पती माजली, आणि मरळ, शिंगी, मांगूर दिसेनासे होत गेले. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर बसून कोणता मासा कुठे अंडी घालतो, कोणत्या पाणवनस्पतीच्या आधाराने वाढतो, कोणत्या वनस्पती नाहीशा झाल्या, याची यादी केली. मग बेशरम उपटली, चिखल नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यात बायकांनीही या कामात पुढाकार घेतला. पुढे राज्य सरकारने २०१४ च्या सुमारास महाराष्ट्र जनुक कोश हा प्रकल्प हाती घेतला आणि पुण्याच्या आयसरसारखी संस्था त्यात आली, तेव्हा ढिवरांकडे आधीपासून स्वतःची नोंदवही होती. शास्त्रज्ञांशी बोलताना ते रिकाम्या हाताने बसले नाहीत. कोणत्याही संघटनेने विद्यापीठाकडे जाण्यापूर्वी निदान एवढी तयारी करावी, असे मला मनापासून वाटते. स्वतःची नोंद असली की बोलणी बरोबरीने होतात.

नागपूरच्या उंबरठ्यावर, कोराडी-खापरखेड्याला, लढाई राखेची होती. औष्णिक केंद्रांच्या आसपासच्या गावांत राख उडून पिकांवर बसते, विहिरीच्या पाण्याला वेगळीच चव येते, ही तक्रार जुनीच. तक्रारीला पुरावा लागतो. नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट, पुण्याचे मंथन अध्ययन केंद्र आणि 'असर' या संस्थांनी गावकऱ्यांच्या साथीने पाणी आणि राखेचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत तपासून घेतले आणि २०२१ च्या शेवटी अहवाल मांडला. पारा, आर्सेनिक, शिसे अशा धातूंचे प्रमाण अनेक ठिकाणी घातक निघाले. २०२२ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे पर्यावरणमंत्री नांदगावच्या राखतलावावर गेले आणि तिथे राख टाकणे थांबवण्याचे आदेश निघाले. जुलैत खसाळ्याच्या राखतलावाचा बांध फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत शिरली, तेव्हा गावकऱ्यांचे भय खोटे नव्हते हे सगळ्या शहराने पाहिले.

अशा कामात नमुन्याची बाटली कशी भरली याला फार महत्त्व असते. बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची, धातू तपासायचे तर त्यात मोजके आम्ल घालायचे, झाकण घट्ट लावायचे, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ आणि भरणाऱ्याची सही, शेजारी साक्षीदार, मोबाइलवर फोटो, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटली कोणाकोणाच्या हातून गेली याची नोंद. यातली एक कडी सुटली की समोरचा वकील अख्खा अहवाल बाजूला सारतो. ही शिस्त गावातल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना दोन दिवसांत शिकवता येते. नागपुरात १९५८ पासून 'नीरी' आहे, व्हीएनआयटी आहे, विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आहे. त्यांच्या प्राध्यापकांनी शनिवार-रविवारी एवढे शिकवले तरी राखेच्या, नाग नदीच्या आणि विहिरींच्या कितीतरी तक्रारी पुराव्यानिशी उभ्या राहतील.

समाजशास्त्र आणि इतिहास यांकडे पाहिले तर चित्र आणखी वेगळे. नागपूरच्या दलित वस्त्यांनी आपला इतिहास विद्यापीठाची वाट न बघता लिहिला. वसंत मून यांनी 'वस्ती'त आपल्या मोहल्ल्याची आखाडे, समता सैनिक दल आणि धर्मांतरासकट नोंद केली. गेल ऑम्वेट यांनी ती इंग्रजीत नेली आणि एलिनॉर झेलिएट यांनी तिला प्रस्तावना लिहिली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले. आज जगभरची विद्यापीठे त्याचे दाखले देतात. इथे अभ्यासक चळवळीतल्याच होत्या, म्हणून बायका मोकळ्या बोलल्या. नागपूरच्या वस्त्यांत अजून कितीतरी जुनी हस्तपत्रके, भीमगीतांच्या वह्या, सभांचे फोटो पेट्यांत पडून आहेत. ते जपायला विद्यापीठाने हात द्यावा. मूळ कागद मात्र वस्तीतच राहावा आणि विद्यापीठाने प्रत घ्यावी.

ज्यांचा प्रश्न त्यांनीच अभ्यासात सामील व्हावे, हा विचार नवा नाही. पालघरच्या आदिवासींच्या भूमिसेना या संघटनेचा १९७० च्या दशकात जो अभ्यास झाला, त्याने तो महाराष्ट्रातून जगापुढे नेला होता. त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी 'विज्ञान दुकाने' काढली. नागरिकांच्या संघटनेने प्रश्न घेऊन यायचे आणि प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी तो अभ्यासून द्यायचा, पैसे नसले तरी. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच जाहीर केली. आमच्याकडे यायचे तर आदराने, प्रामाणिकपणे, न्यायाने आणि काळजीने वागा, आणि आमच्या परिषदेची परवानगी घ्या. आपल्याकडे ग्रामसभेला कायद्याने अधिकार आहेत. तरी अशी संहिता आपल्याकडे सर्रास झालेली नाही.

अडते कुठे? सर्वांत आधी वेळेत. प्राध्यापकाला सुटी असते मे महिन्यात आणि त्याच पंधरा-वीस दिवसांत गडचिरोलीत तेंदूपत्ता तोडला जातो. अख्खे घर पहाटे जंगलात जाते आणि दुपारभर पुडे बांधते. त्या वेळी दारात प्रश्नावली घेऊन उभे राहणे हा अन्यायच. मार्च-एप्रिलात मोहफुले असतात, जुलैत रोवणी असते. भाताचा हंगाम आटोपल्यावरचा हिवाळा संशोधनाला योग्य, पण तेव्हा विद्यापीठात परीक्षा. हे वेळापत्रक जुळवण्याची जबाबदारी विद्यापीठाची आहे, कारण पीक थांबत नाही, परीक्षा पुढेमागे करता येते.

मग पैसा. बहुतेक प्रकल्पांत पगार, प्रवास आणि संगणक विद्यापीठाकडे जातात आणि लोकांना गोळा करणाऱ्या कार्यकर्त्याच्या दिवसांची किंमत शून्य धरली जाते. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. आता परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर बांधला आहे. शहरातल्या मोठ्या संस्थेने निधी आणून गावातल्या छोट्या संघटनेला वाटून द्यायचा, हा जुना मार्ग त्यामुळे बंद झाला. म्हणून देशी निधीच्या अर्जातच संघटनेचे नाव, तिच्या माणसांचे मानधन आणि मजुरी बुडवून सभेला येणाऱ्यांचा दिवसाचा मोबदला पहिल्या पानावर लिहिणे अधिकच गरजेचे झाले आहे.

संमतीचा मुद्दा त्याहून नाजूक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समाजाशी आधी बोलण्याची, लाभात वाटा देण्याची अपेक्षा स्पष्ट आहे. प्रत्यक्षात इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेतला की काम झाले असे मानले जाते. व्यक्तीची संमती हवीच, पण रक्त, वनौषधी, गावाचे जंगल यांसारख्या बाबींत ग्रामसभेचा किंवा वस्तीच्या बैठकीचा ठरावही हवा. आणि तो ठराव मराठीत, जिथे लागेल तिथे गोंडीत समजावून सांगून झालेला असावा. माहितीचा संच कोणाकडे राहणार, नावे कोण पाहणार, लेखकांच्या यादीत कार्यकर्त्याचे नाव येणार की शेवटच्या आभारात, हेही त्याच बैठकीत ठरावे. काम संपल्यावर हे बोलायला गेले की कडवटपणा येतो, असा सगळीकडचा अनुभव आहे.

नागपूर विद्यापीठाने २०२३ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव ते धारण करते आणि तुकडोजींनी उभे आयुष्य गावासाठी घालवले. या विद्यापीठाने महाराजबागेजवळच्या आपल्या जुन्या इमारतीत एक खोली अशी उघडावी, जिथे पारशिवनी तालुक्यातली ग्रामसभा, उत्तर नागपूरची वस्ती समिती, कामठीचे विडी कामगार किंवा खापरखेड्याचा शेतकरी मंगळवारी-शुक्रवारी येऊन आपला प्रश्न नोंदवू शकेल. प्रश्न मराठीत लिहून घ्यावा, त्याला क्रमांक द्यावा, महिन्याभरात कोणत्या विभागाने तो घेतला ते कळवावे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांपैकी निदान चौथा हिस्सा या वहीतल्या प्रश्नांवर असावा. प्रबंध तपासणाऱ्या दोघांपैकी एक जण प्रश्न नोंदवणाऱ्या संघटनेने सुचवलेला असावा. निष्कर्ष आधी त्या गावात वाचले जावेत, मग ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. एक कारकून, एक टेबल आणि विद्या परिषदेचा एक ठराव एवढ्यावर हे येत्या सत्रापासून सुरू होऊ शकते.